एकेका तारेचा सूर : गिटारवर अर्पेजिओ शिकताना

गिटार हे वाद्य आता आपल्या भागाला नवखे राहिलेले नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, स्नेहसंमेलनात, मोबाइलच्या पडद्यावर ते नित्य दिसते. पण वाद्य दिसणे आणि वाद्य कळणे यांत मोठे अंतर असते. हसनाबादसारख्या गावात राहून शिकणाऱ्या मुलामुलींपुढे खरा प्रश्न हा असतो की, शहरातील क्लास नाही, रोज समोर बसणारा गिटारशिक्षक नाही, मग हे वाद्य शिकायचे तरी कसे? या लेखात गिटारवादनातील एकच अंग घेऊन त्याची फोड केली आहे. त्या अंगाचे नाव अर्पेजिओ. हेच अंग निवडण्याचे कारण असे की, ते समजून घेऊन संथपणे शिकता येते, त्याला महागडे साहित्य लागत नाही, आणि आपण चुकतो कुठे हे ते शिकणाऱ्याला स्वतःच सांगते. शिक्षक क्वचित भेटणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला सोबती मिळणे कठीण.

अर्पेजिओ म्हणजे काय?

आपल्या मुलांना हार्मोनियमची ओळख असते. हार्मोनियमवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर तिन्ही स्वर मिसळून एक भरीव नाद उमटतो. पाश्चात्त्य संगीतात अशा स्वरसमूहाला कॉर्ड म्हणतात. आता त्याच तीन पट्ट्या एकदम न दाबता सा, मग ग, मग प, मग वरचा सा अशा क्रमाने वाजवाव्यात. स्वर तेच राहिले. फक्त ते एकत्र येण्याऐवजी ओळीने आले. कॉर्डमधील स्वर असे सुटे सुटे, ठरलेल्या क्रमाने व समान अंतराने वाजवणे म्हणजे अर्पेजिओ. गिटारवर यात एक भर पडते. आधी छेडलेली तार पुढची तार छेडल्यावरही वाजत राहते. त्यामुळे स्वर येतात एकामागून एक, पण कानात साठतात एकत्र.

हा अनुभव भारतीय कानांना नवा नाही. तंबोऱ्याच्या चार तारा एकदम ओढल्या जात नाहीत. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज अशा त्या क्रमाने छेडल्या जातात आणि एकीचा नाद दुसरीत मिसळत जातो. तंबोऱ्यात स्वरांचा संच गाणे संपेपर्यंत तोच राहतो, तर गिटारवर गाण्याच्या चालीप्रमाणे कॉर्ड बदलतो आणि त्याबरोबर संचही बदलतो. भेद एवढाच.

अर्पेजिओ हा शब्द इटालियन भाषेतील आहे. त्या भाषेत हार्प या वाद्याला अर्पा म्हणतात, आणि हार्पप्रमाणे तारा एकेक करून छेडणे हा अर्पेजिओचा मूळ अर्थ. आता हार्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर युरोपातील उंच, उभे वाद्य येते. वस्तुतः धनुष्याच्या आकाराची हार्प हे प्राचीन भारताचेही वाद्य होते आणि त्या काळी वीणा हे नाव तिलाच होते. भारहूत व सांची येथील शिल्पांत वादकांच्या हाती तीच वीणा आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो मांडीवर घेऊन वाजवतो तीही हीच. भारतातून ती पुढे बहुतांशी लोपली, पण म्यानमारमध्ये ‘सौंग’ या नावाने आजही वाजवली जाते. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचा उल्लेख सांचीच्या शिलालेखांत आढळतो. ज्या स्तूपासाठी आपल्या परिसरातील माणसांनी दान दिले, त्याच स्तूपाच्या शिल्पांत तारा एकेक करून छेडण्याची ही कला कोरलेली आहे. तेव्हा अर्पेजिओ हा शब्द परका असला, तरी ती क्रिया या भूमीला परकी नाही.

अर्पेजिओच आधी का?

बहुतेक मुले गिटार हाती घेताच सहाही तारांवरून हात खाली-वर फिरवू लागतात. याला स्ट्रमिंग म्हणतात. ते जोशपूर्ण वाटते, समूहगीताला शोभते आणि चटकन जमल्याचा आनंद देते. पण त्यात एक गफलत दडलेली असते. सहा तारांच्या एकत्रित आवाजात एखादी तार नीट दाबली गेली नाही, थप्प वाजली किंवा झणझणली, तरी ती लपून जाते. वाजवणाऱ्याला वाटते की कॉर्ड बरोबर आला, आणि महिनोन्महिने ती चूक तशीच हातात मुरते.

अर्पेजिओत असे लपणे शक्य नसते. प्रत्येक तार आपापल्या पाळीला एकटी ऐकू येते. मधली एक तार मुकी राहिली तर त्या जागी खड्डा पडतो आणि तो नवशिक्यालाही कळतो. समूहाने पाढे म्हणताना गप्प राहिलेला विद्यार्थी ओळखू येत नाही. एकेकाला उभे करून म्हणायला लावले की कोणाचा कोणता पाढा कच्चा आहे हे समजते, आणि समजले म्हणजे तो पक्का करून घेता येतो. कॉर्डच्या बाबतीत अर्पेजिओ हेच काम करतो.

तारा जुळवणे

गिटारला सहा तारा असतात. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी. सहावीपासून पहिलीपर्यंत त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. पाचव्या तारेची कंपने सेकंदाला 110 असतात. सहावीची सुमारे 82 आणि पहिलीची सुमारे 330, म्हणजे जवळपास चौपट. कंपने दुप्पट झाली की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणून या दोन्ही टोकांच्या तारांचा स्वर एकच, ई. मात्र त्यांत दोन सप्तकांचे अंतर आहे.

मोबाइलवरील ट्यूनरने तारा जुळवता येतात. पण कानाने जुळवण्याची रीतही आली पाहिजे. सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर येतो, तोच मोकळ्या पाचव्या तारेचा असावा. पाचवी तार पाचव्या पडद्यावर दाबून चौथी जुळवावी आणि चौथी त्याच पडद्यावर दाबून तिसरी. दुसरी तार जुळवताना मात्र तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबावी लागते. शेवटी दुसरी तार पुन्हा पाचव्या पडद्यावर दाबून पहिली जुळवावी. अर्पेजिओच्या सरावापूर्वी हे रोज करायचे असते, कारण तारा सुट्या वाजणार असल्याने बेसूर तार लगेच उघडी पडते.

तार जुळवण्याचा विषय निघाला की बौद्ध वाचकाला सोण स्थविरांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. अंगुत्तर निकायात ती आली आहे. चंपानगरीच्या धनाढ्य घरातील सोण प्रव्रजित झाल्यावर राजगृहाजवळील शीतवनात इतक्या अट्टाहासाने चंक्रमण करू लागले की त्यांचे पाय रक्ताळले. एवढे करूनही मन मुक्त होत नाही, तेव्हा घरी परतावे, असा विचार त्यांच्या मनात आला. सोण गृहस्थाश्रमात उत्तम वीणावादक होते. हे जाणून भगवान बुद्धांनी त्यांना विचारले की, वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती वाजेल का? फार सैल सोडल्या तर वाजेल का? दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर आल्यावर, प्रयत्नाचेही तसेच आहे, हे त्यांनी समजावून दिले. अती ताणाने चित्त अस्वस्थ होते आणि ढिलाईने आळस येतो.

या कथेचा गाभा साधनेचा आहे, संगीताचा नाही. पण दृष्टांतातील वाद्यज्ञान अगदी अचूक आहे, आणि गिटार शिकणाऱ्याने ते जसेच्या तसे घ्यावे. तार गरजेपेक्षा अधिक ताणली तर ती तुटते आणि वाद्याच्या दांड्यावरही ताण येतो. सैल सोडली तर ती पडद्यावर आपटून झणझणते. आणि एका रविवारी चार तास वाजवून बोटे सोलून घेणे, मग पुढचे सहा दिवस गिटारकडे न पाहणे, या एकाच आठवड्यात सोणांच्या दोन्ही चुका होतात.

उजव्या हाताची बोटे

अर्पेजिओचा भार उजव्या हातावर असतो. येथे प्रत्येक बोटाला तार नेमून दिलेली असते. अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी या तीन जाड तारा. तर्जनीकडे तिसरी, मध्यमेकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली. करंगळीला काम नसते, पण ती ताठ धरू नये. गिटारच्या पुस्तकांत या बोटांची खूण त्यांच्या स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांनी करतात. आपल्या मुलांनी अंगठ्याला ‘अं’, तर्जनीला ‘त’, मध्यमेला ‘म’ आणि अनामिकेला ‘ना’ म्हणावे. तबल्याचे विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतात आणि मग हाताने काढतात. तसेच येथेही ‘अं त म ना’ हे बोल आधी तोंडी बसवावेत.

हात ठेवण्याची रीत नेमकी असावी. कोपराजवळचा भाग गिटारच्या वरच्या कडेवर टेकावा. मनगट सैल असावे, फार वाकलेले नसावे. अंगठा इतर बोटांच्या किंचित पुढे, दांड्याच्या दिशेने राहावा. म्हणजे तो बोटांत अडकत नाही. बोटाने तार वर उपसायची नसते. तिला हलकेच दाबून तळहाताच्या दिशेने सोडायचे असते, आणि छेडून झाल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकू द्यायचे नसते. ते टेकले तर शेजारची वाजती तार मुकी होते, आणि अर्पेजिओचा प्राण असलेला साठता नाद तुटतो.

पहिल्याच दिवशी पहिला अर्पेजिओ

गिटारची एक सोय नवशिक्याला फार उपयोगी पडते. सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली या चार तारा मोकळ्या वाजवल्या तर ई, जी, बी, ई हे स्वर येतात. ई हा षड्ज मानला तर ते सा, कोमल ग, प आणि सा झाले. हाच ई-मायनर नावाचा कॉर्ड. म्हणजे डाव्या हाताने एकही तार न दाबता पहिल्याच दिवशी खरा अर्पेजिओ वाजवता येतो. अंगठ्याने सहावी, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका : अं त म ना. पहिला पूर्ण आठवडा एवढेच करावे. डावा हात गिटारच्या दांड्याला नुसता आधार देईल.

दुसऱ्या आठवड्यात डावा हात कामाला लावावा. ए-मायनरसाठी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मध्यमा चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवावी. अंगठ्याने पाचवी तार मोकळी छेडावी. येथून सी-मेजरकडे जाताना एकच बोट हलते. तर्जनी व मध्यमा जागच्या जागी राहतात, आणि अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर येते. अंगठा पुन्हा पाचवीच तार छेडतो. ही जोडी म्हणूनच नवशिक्यासाठी उत्तम. त्यानंतर जी-मेजर घ्यावा. त्यात मध्यमा सहाव्या तारेच्या तिसऱ्या, तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर असते. अंगठा सहावी तार छेडतो.

कॉर्ड ज्या स्वराच्या नावाने ओळखला जातो तो त्याचा आधारस्वर. अंगठ्याने पहिला ठोका त्या स्वराच्या तारेवरच द्यायचा, हा नियम पाठ असावा. ई-मायनर व जी-मेजरला सहावी, ए-मायनर व सी-मेजरला पाचवी. बाकीची तीन बोटे आपल्या तारा कधीच बदलत नाहीत.

डाव्या हाताच्या दोनच चुका वारंवार होतात. एक, बोट पडद्याच्या धातूच्या पट्टीपासून दूर पडते. ते पट्टीच्या लगत, किंचित मागे असावे, म्हणजे थोड्या दाबाने स्वच्छ स्वर येतो. दुसरी, बोट आडवे पडून शेजारच्या तारेला स्पर्श करते. नखे काढून टाकून बोटाचे टोक उभे ठेवले की ही अडचण सुटते. डाव्या हाताची नखे अगदी बारीक असावीत. उजव्या हाताची थोडी वाढवली तरी चालतात.

ताल : दादरा आणि केरवा

चार तारांचा क्रम हाती बसला की त्याला तालात गुंफायचे. आपली बहुतेक गीते, भीमगीते, पाळणे, भावगीते ही केरवा किंवा दादरा तालात असतात. गिटारच्या अर्पेजिओतील दोन सर्वपरिचित रचना या दोन तालांत नेमक्या बसतात.

दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी बोल असे : अं त म, ना म त. अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत चढायचे आणि त्याच वाटेने उतरायचे. तीन-तीन मात्रांच्या दोन विभागांत पहिला ठोका समेवर अंगठ्याचा येतो आणि चौथ्या मात्रेवर, खालीच्या जागी, अनामिका येते. सम जाड तारेवर आणि खाली बारीक तारेवर अशी सुंदर विभागणी आपोआप होते.

केरव्याच्या आठ मात्रांसाठी बोल असे : अं त म त, ना त म त. येथेही समेवर अंगठा आणि पाचव्या मात्रेवर, खालीच्या जागी, अनामिका. तर्जनी दर दुसऱ्या मात्रेला येते, म्हणून तिचा आवाज हलका ठेवावा; नाहीतर गाण्यापेक्षा तर्जनीच अधिक ऐकू येते.

एखादा विद्यार्थी ढोलकी किंवा तबला वाजवत असेल, तर त्याला सोबत बसवावे. गिटारवाल्याची लय कुठे ओढली जाते आणि कुठे पळते हे त्या दोघांनाही पाच मिनिटांत कळते. तालाचे ज्ञान आपल्या मुलांना घरातून, जयंतीच्या मिरवणुकीतून, भजनी मंडळातून मिळालेले असते. गिटार शिकताना ते बाजूला ठेवण्याचे कारण नाही. तेच भांडवल आहे.

सरावाची रीत

लय सांभाळण्यासाठी मेट्रोनोम नावाचे यंत्र वापरतात. ते नसेल तर वर्गातील टिकटिकणारे घड्याळ पुरते. त्याच्या मिनिटाला 60 टिकटिकी असतात. सुरुवातीला एका टिकटिकीला एकच तार छेडावी. या गतीने दादऱ्याचे एक आवर्तन सहा सेकंदांत होते, मिनिटात दहा आणि दहा मिनिटांत शंभर. ही गती कंटाळवाणी वाटते, पण याच गतीत बोटांना आपली तार न पाहता सापडू लागते. लागोपाठ पाच आवर्तने निर्दोष झाली की एका टिकटिकीला दोन तारा घ्याव्यात, आणि तेही स्थिरावल्यावर तीन. चूक झाली तर गती वाढवून ती झाकू नये. एक पायरी खाली यावे.

सरावाच्या वेळी एकच अडचण हाताळावी. उजवा हात पक्का करायचा असेल तर कॉर्ड बदलू नये. कॉर्डचा बदल पक्का करायचा असेल तर बोलांची रचना सोपी ठेवावी. इटालियन गिटारवादक मौरो जुलियानी याने 1812 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासपुस्तकात उजव्या हातासाठी 120 पाठ दिले आहेत, आणि ते सर्व सी-मेजर व जी-सेव्हन या दोनच कॉर्डवर रचलेले आहेत. डाव्या हाताला सोपे काम देऊन सारे लक्ष उजव्या हातावर ठेवणे हा त्यामागील विचार. दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी जगभरचे विद्यार्थी ते पाठ आजही गिरवतात.

वसतिगृहात एक गिटार आणि दहा विद्यार्थी अशी स्थिती असली तरी काम थांबत नाही. दररोज प्रत्येकी दहा मिनिटे वाद्यावर, आणि उरलेल्या वेळात बोल तोंडाने म्हणत बाकाच्या कडेवर बोटे चालवणे, हा उपयुक्त सराव आहे. तिसरा भाग ऐकण्याचा. एकाने वाजवताना दुसऱ्याने डोळे मिटून कोणती तार मुकी पडली ते सांगायचे. दुसऱ्याची चूक ओळखता येऊ लागली की स्वतःची चूक ऐकू येण्यास वेळ लागत नाही.

गाण्याला साथ

अर्पेजिओचा खरा उपयोग साथीसाठी. हिंदी चित्रपटसंगीतात याचे नमुने सर्वांच्या कानांवर आहेत. 1973 च्या ‘यादों की बारात’मधील ‘चुरा लिया है’ या गीताच्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली. ते पुढे गायक म्हणून अधिक ओळखले गेले. 1983 च्या ‘कलाकार’ चित्रपटातील ‘नीले नीले अंबर पर’ हे तर नवशिक्या गिटारवादकांचे आवडते गीत. त्याची सुरुवातच अर्पेजिओने होते. ही गीते ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून मागे चाललेल्या तारांकडे एकदा लक्ष द्यावे.

साथ कशी असावी याचे एक सुंदर गमक दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात आहे. पंचशिख नावाचा गंधर्व भगवान बुद्धांसमोर वीणा वाजवून गातो. तेव्हा भगवंत त्याच्या तारांचा स्वर गीताच्या स्वराशी आणि गीताचा स्वर तारांच्या स्वराशी जुळून आल्याची दखल घेतात. दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याला ओलांडून जात नाही, असे सांगतात. साथ करणाऱ्या प्रत्येकाने हे वचन ध्यानात धरावे. गायक शब्द उच्चारत असताना तारा हळू छेडाव्यात, ओळ संपून श्वास घेतला जातो त्या जागी थोड्या मोकळ्या सोडाव्यात. आपल्या हातातील कौशल्य दाखवण्याची जागा साथीत फार थोडी असते.

पालकांसाठी चार शब्द

गिटारने मुलाचे काय भले होणार, असा प्रश्न पालक विचारतात. तो रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकायला ठेवलेल्या आईवडिलांना तो विचारण्याचा अधिकार आहे.

याचे एक उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या गावशाळांमध्ये मुलांना गायनाबरोबर स्वरलेखन वाचणे आणि वाद्य वाजवणे शिकवले जाई. साध्या गावांतील ती मुले मोठेपणी मुंबईत आली, आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात त्यांच्या बळावर उभा राहिला. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील अग्रगण्य नावे. गावातील शाळेने संगीत नीट, पद्धतशीर शिकवले तर त्यातून पिढ्यांची उपजीविका उभी राहू शकते, याचा हा पुरावा आहे. प्रत्येक मूल वादक होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण शिकवायचे तर हौसेपुरते न शिकवता पायापासून शिकवावे, हा धडा त्यातून घ्यावा.

दुसरे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. गावगाड्यात वाजवणे हे आपल्यासारख्या कित्येक घरांच्या माथी जातीने मारलेले काम होते. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत ज्यांच्या वाद्यावर सारे गाव नाचले, त्यांना त्याच गावाच्या पंगतीत जागा नव्हती. हात कसलेले होते, पण त्या हातांच्या विद्येला कोणी विद्या म्हटले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने लादलेली कामे नाकारण्याचे बळ दिले. आणि त्याच चळवळीत 1930 च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे करून वाद्य पुन्हा हाती घेतले, या वेळी स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या विचारासाठी. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी ती वाट गावोगावी नेली. अलीकडे मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या बँडने बुद्ध आणि बाबासाहेबांचा विचार रॉक संगीतातून, गिटारच्या साथीने मांडला आहे. आपल्या मुलीने किंवा मुलाने गिटार हाती घेणे याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. फक्त ते समजून टाकलेले असावे. आपण कोणता स्वर वाजवतो, तो तिथे का आहे, हे ज्याला सांगता येते त्याच्या हातातील कलेला कोणी नुसती हमाली म्हणू शकत नाही.

काही पालकांच्या मनात शीलाचाही प्रश्न असतो. पंचशीलात गायनवादनाचा निषेध नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासक नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहतात. त्या दिवशी गिटार पिशवीत ठेवावी, एवढेच.

खरेदीबाबत थोडे. अर्पेजिओ शिकण्यासाठी नायलॉनच्या तारांची गिटार अधिक सोयीची. तिच्या तारा बोटांना मऊ लागतात आणि त्यांच्यातील अंतरही जास्त असते. स्टीलच्या तारांनी सुरुवातीचे काही आठवडे बोटांची टोके दुखतात, पुढे कातडी घट्ट होऊन दुखणे थांबते. लहान मुलांसाठी लहान आकाराची गिटार मिळते, ती घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गिटार पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. कोरड्या उष्णतेने लाकूड तडकते आणि जोड सुटतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, म्हणजे घामाने गंजत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण आता नोकरी-व्यवसायासाठी शहरांत आहेत. काहींच्या घरी न वाजवली जाणारी गिटार कपाटावर पडून असेल. ती शाळेकडे आली तर एका वेळी दहा मुलांच्या हाती जाईल. ज्यांना वाजवता येते त्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन मुलांचे हात तपासावेत. मनगट ताठ आहे का, बोट आडवे पडते का, कोणती तार मुकी राहते, एवढे पाहून दुरुस्त केले तरी पुढचे सहा महिने मुले आपल्या बळावर चालतील.

अर्पेजिओ शिकण्यास लागणारा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो. रोज अर्धा तास नेमाने दिला तर काही महिन्यांत चार कॉर्ड आणि दोन ताल हाती येतात, आणि तेवढ्यावर असंख्य गीतांना साथ करता येते. त्यापुढची वाट लांब आहे, पण तिथवर पोहोचलेल्या मुलाला पुढे कसे जायचे हे विचारावे लागत नाही. एखादी तार मुकी पडली तर ती का पडली, हे शोधण्याची सवय त्याला लागलेली असते.